जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक एसी आधी गारठवतो आणि मग गरम हवा सोडतो: दोष नेमका कुठे शोधावा?

पंचगंगाकाठ

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०१० सालची डिझेल सेडान आहे आणि ती आतापर्यंत १ लाख ३८ हजार किलोमीटर चालली आहे. गाडीला ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल आहे, म्हणजे आपण फक्त तापमानाचा आकडा ठरवायचा आणि पंख्याचा वेग, हवेची दिशा, गार-गरम हवेचे प्रमाण हे सारे यंत्रणेने स्वतः सांभाळायचे. इतकी वर्षे तिने हे काम बिनबोभाट केले. गेल्या हिवाळ्यापासून मात्र तिचे वागणे बिघडले आहे आणि त्यावर पैसे खर्च करूनही गुण आलेला नाही, म्हणून आपल्याला विचारतो आहे.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून दुपारी दोनच्या सुमारास गगनबावड्याकडे निघताना मी तापमान २४ वर ठेवतो. सुरुवातीला पंखा पूर्ण वेगाने फिरतो आणि हवा इतकी गार येते, की मागे बसलेल्या माझ्या आईला अंगावर शाल घ्यावी लागते. बालिंग्याचा पूल ओलांडला की पंखा एकदम मंद होतो आणि जाळीतून चक्क गरम हवा येऊ लागते. कळे गाव येईपर्यंत ती गरमच राहते आणि त्यानंतर पुन्हा गारठा सुरू होतो. आकडा मात्र पूर्ण वेळ २४ च असतो. आईचे वय ७८ आहे आणि तिला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ सोयीचा राहिलेला नाही.

आणखी दोन गोष्टी सांगतो, त्यांचा संबंध असेल किंवा नसेल. गाडी सुरू केल्यावर ग्लोव्ह बॉक्सच्या मागून दहा-पंधरा सेकंद टकटक असा आवाज येतो. तसेच आकडा खाली नेत नेत अगदी शेवटी ‘एलओ’ (म्हणजे ‘लो’, सर्वांत गार) दिसेपर्यंत आणला, तर गाडी दोन तास चालली तरी हवा एकसारखी गार राहते.

एका गॅरेजमध्ये फेब्रुवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये गॅस भरून घेतला. दुसऱ्या ठिकाणी कॉम्प्रेसर आणि एसीचे पॅनेल दोन्ही बदलावे लागतील असे सांगितले असून त्याचा अंदाज ५८ हजार रुपये आहे. चौदा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे. गाडीत दिवाळीत मोठ्या पडद्याचा नवा स्टिरिओ बसवला, त्याशिवाय डॅशबोर्डला कोणी हात लावलेला नाही.

उद्यमनगर वायरिंग

नमस्कार साहेब. शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचे काम मी बावीस वर्षे करतो आहे. आपल्या लिखाणातील ‘एलओ’विषयीचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

ऑटोमॅटिक एसीमध्ये दोन वेगळी कामे चालतात. एक काम हवा गार करण्याचे, ते कॉम्प्रेसर, पुढचा कंडेन्सर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डातील कूलिंग कॉइल करतात. दुसरे काम निर्णय घेण्याचे, ते सेन्सर, पॅनेलमधील संगणक आणि झडपा फिरवणाऱ्या छोट्या मोटरी करतात. बहुतेक गाड्यांत आकडा ‘एलओ’वर नेला की संगणक आतल्या तापमानाचा हिशेब बाजूला ठेवतो, गरम हवेची झडप पूर्ण बंद करतो आणि मिळेल तेवढी गार हवा सोडतो. आपल्या गाडीत त्या स्थितीत दोन तास गार हवा येते, याचा अर्थ हवा गार करणारा भाग धडधाकट आहे. कॉम्प्रेसर मरणपंथाला लागलेला असता, तर तो ‘एलओ’वरही दगा देता.

कूलिंग कॉइलवर बर्फ जमण्याची शंका कोणी काढेल, कारण त्यातही वीस-पंचवीस मिनिटांनी कूलिंग जाते. पण तेव्हा पंखा जोरात फिरत असूनही जाळीतून हवेचा झोत कमी होतो, आणि ‘एलओ’वर तो त्रास उलट वाढतो. आपल्याकडे तसे घडत नाही. शिवाय आपली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम आहे. ती उष्णता इंजिनाच्या गरम कूलंटवर चालणाऱ्या हीटर कॉइलमधूनच येऊ शकते, म्हणजेच संगणक स्वतःहून गरम हवा मिसळतो आहे किंवा झडप चुकून उघडी राहते आहे.

गॅसबद्दल मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे एसीच्या प्रत्येक तक्रारीवर गॅस भरण्याचा उपाय केला जातो आणि मला त्याचे फार वाईट वाटते. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. इंजिन बंद असताना गेज लावून दाब पाहिला, तर गॅस किती आहे हे कळत नाही. आर-१३४ए हा गॅस ३० अंश तापमानाला साधारण ९५ ते १०० पीएसआय दाब दाखवतो, आणि आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी तो दाब तेवढाच राहतो, मग गॅस ३०० ग्रॅम असो वा ५००. चालू स्थितीतील दोन्ही बाजूंचे दाब पाहून अंदाज बांधता येतो, पण प्रमाण नेमके कळण्यासाठी सगळा गॅस यंत्राने काढून वजन करणे आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेल्या ग्रॅमइतकाच पुन्हा भरणे हाच मार्ग आहे. आपल्याकडे दोनदा अंदाजाने भरला असेल, तर आता तो जास्त झाला असण्याचीही शक्यता आहे, आणि जास्त गॅसनेही कूलिंग कमी होते.

एक खात्री करून पाहा. ‘एलओ’ आणि आतली हवा फिरवण्याचे बटण, दोन्ही ठेवून दहा मिनिटे गाडी चालवा आणि मधल्या जाळीत साधा थर्मामीटर खोचा. ६ ते १२ अंशांच्या दरम्यान आकडा आला, तर कॉम्प्रेसरचा विचार डोक्यातून काढून टाका. ग्लोव्ह बॉक्समागच्या टकटकीबद्दल नंतर लिहितो, तो वेगळा दोष असावा असे वाटते.

निवृत्त उपकरणवाला

मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत तापमान नियंत्रणाच्या उपकरणांवर तीस वर्षे काम केले आहे. आपल्या गाडीतील गार-गरमचे हेलकावे वाचून मला भट्टीवरचे जुने कंट्रोलर आठवले, कारण हा प्रकार नियंत्रणशास्त्रातला अगदी ओळखीचा आहे: मोजमाप उशिरा पोहोचते तेव्हा यंत्रणा अशीच झुलते.

बंबातून कढत पाणी बादलीत काढले आणि त्यात विसण घालत आहोत अशी कल्पना करा. हात पाण्यात असेल तर दोन तांब्यांत अंदाज येतो. पण पाणी किती निवले हे जर पाच मिनिटांनी कळणार असेल, तर माणूस तोपर्यंत विसण ओततच राहील, आणि पाणी गार झाल्याचे कळल्यावर तितकेच कढत पाणी ओतत बसेल. आपला संगणक हेच करतो आहे.

आता हा उशीर कोठून येतो ते पाहू. चालकाच्या बाजूला डॅशबोर्डवर किंवा एसी पॅनेलजवळ नखाएवढ्या फटींची एक छोटी जाळी असते. तिच्यामागे आतल्या तापमानाचा सेन्सर बसवलेला असतो. स्थिर हवेत त्याला खरे तापमान कळत नाही, म्हणून गाडीतील हवा त्याच्यावरून सतत ओढली जाण्याची सोय केलेली असते. काही गाड्यांत त्यासाठी बोटाएवढा पंखा असतो, तर काहींत सेन्सरपासून ब्लोअरच्या, म्हणजे एसीच्या मुख्य पंख्याच्या, पेटीपर्यंत एक लवचिक नळी जाते आणि ब्लोअरच्या वेगवान हवेमुळे त्या नळीत ओढ तयार होते. पंखा बंद पडला, जाळी धुळीने बुजली किंवा नळी निसटली, की सेन्सर डॅशबोर्डाच्या पोटातील कोंडलेली हवा मोजू लागतो. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड आतून तापलेला असतो, म्हणून माणसे गारठली तरी संगणकाला गाडी गरमच वाटते. पुढे आजूबाजूच्या गार हवेच्या नळ्यांमुळे तो कोपरा हळूहळू थंड होतो, आणि मग संगणक समजतो की गाडी फार गार झाली, गरम हवा सोडली पाहिजे. आपल्या बालिंगा आणि कळे यांच्यामधला गरम टप्पा मला असाच घडत असावा असे वाटते.

आपण शेवटी ज्या स्टिरिओचा उल्लेख केला आहे, त्याच्याकडे मी सर्वांत आधी पाहीन. मोठा पडदा आत सरकवताना मागची जागा अपुरी पडते आणि ही नळी निसटते किंवा चेपते. आपली तक्रारही दिवाळीनंतरच्या हिवाळ्यातच सुरू झालेली दिसते.

तपासणी अगदी साधी आहे. ब्लोअर मध्यम वेगावर ठेवा, पातळ टिश्यू पेपरचा रुपयाएवढा तुकडा त्या जाळीवर धरा आणि सोडा. ओढ असेल तर तो चिकटून राहील, नसेल तर खाली पडेल. एवढ्यासाठी एक पैसाही लागत नाही.

सेन्सर स्वतः चांगला आहे की नाही, हे मल्टिमीटरने कळते. तो थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो. खोलीच्या तापमानाला रोध मोजा, मग सेन्सर पातळ पिशवीत गुंडाळून, कनेक्टर ओला न होऊ देता, बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात दहा मिनिटे धरा आणि पुन्हा मोजा. बर्फातला रोध खोलीतल्या रोधाच्या साधारण तिप्पट भरतो आणि काटा अडखळत नाही, तर सेन्सर ठीक आहे. नेमके आकडे प्रत्येक गाडीचे वेगळे असतात, त्यासाठी त्या गाडीचे सर्व्हिस मॅन्युअलच पाहावे लागते.

डॅशबोर्डवर काचेजवळ काळ्या टोपीसारखा सूर्यप्रकाशाचा सेन्सर असतो, त्याच्यावर अंबाबाईची तसबीर किंवा मोबाईलचा स्टँड बसवला असेल तर तो बाजूला घ्या. स्वनिदान, म्हणजे संगणकाने स्वतःच दोष शोधण्याची सोय, सुरू करून दोषांचे कोड वाचणार असाल, तर गाडी उन्हात उभी करा, कारण काही गाड्यांत सावलीत किंवा ट्यूबलाइटखाली तपासल्यास हा सेन्सर चांगला असूनही दोषाचा कोड दिसतो आणि लोक उगाच तो विकत घेतात.

कागल रोडची चालक

दोघांनीही फार नीट समजावून दिले आहे. माझा अनुभव थोडा वेगळा असला तरी तो येथे लिहून ठेवते, कारण हाच धागा पुढे कोणी शोधत येईल.

माझ्या २०१२ च्या गाडीत मागच्या मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर चालूच होईना. गॅस पूर्ण होता, फ्यूज आणि रिले चांगले होते. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आले की मीटरमध्ये बाहेरचे तापमान उणे ४० दाखवले जात आहे. त्याआधी आठवडाभर पुढच्या बंपरचे काम करून घेतले होते आणि बंपरच्या आतील, बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर परत जोडायचा राहिला होता. वायर तुटली किंवा सुटली की रोध अनंत होतो आणि संगणक त्याचा अर्थ अतिशय थंडी असा लावतो. कडाक्याच्या थंडीत कॉम्प्रेसर चालू नये अशी सोय अनेक गाड्यांत असते, त्यामुळे कोल्हापूरच्या भर उन्हाळ्यात माझी गाडी स्वतःला हिमालयात समजत होती. कनेक्टर जोडला आणि थोडे अंतर चालवल्यावर सगळे सुरळीत झाले.

दादा, आपण बाहेरच्या तापमानाचा आकडाही एकदा पाहून घ्या. मात्र तो सकाळी, गाडी थंड असताना पाहा. तावडे हॉटेलजवळच्या रहदारीत अर्धा तास उभे राहिल्यावर इंजिनाच्या उष्णतेने तो आकडा पाच-सात अंश जास्त दिसतो, त्यात दोष काही नसतो.

दुसरे असे की बाजारात मिळणारे स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतात. एसीचे बहुतेक कोड ‘बी’ने सुरू होतात आणि ते त्या स्कॅनरला दिसतीलच असे नाही. त्यामुळे ‘कोड नाही’ असे कोणी सांगितले, तर कोणत्या यंत्राने पाहिले हे जरूर विचारा.

पंचगंगाकाठ

आपण तिघांनी दिलेला वेळ आणि मनापासून केलेले मार्गदर्शन मी विसरणार नाही. शनिवार-रविवार खर्ची घालून सांगितल्याप्रमाणे सगळे करून पाहिले, ते क्रमाने लिहितो.

‘एलओ’वर दहा मिनिटांनी मधल्या जाळीत थर्मामीटरने ९ अंश दाखवले, तेव्हा बाहेर ३६ अंश होते. बाहेरच्या तापमानाचा आकडा सकाळी २५ दिसला, तो घरच्या थर्मामीटरशी जुळतो. यानंतर टिश्यू पेपर लावला. तो तीनही वेळा सरळ खाली पडला.

स्टिरिओ बाहेर काढताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडले आणि पंधरा मिनिटे थांबलो, कारण जवळच एअरबॅगच्या वायरी आहेत. पडदा बाहेर आल्यावर मागे हात घातला, तर करंगळीएवढी सुरकुत्यांची काळी नळी लोंबकळत होती आणि तिचे टोक स्टिरिओच्या लोखंडी पट्टीखाली चेपले होते. सेन्सरच्या घरावरील तिची जागा रिकामी होती. जाळीच्या मागे धूळ आणि कापसासारखे तंतू यांचा थर बसला होता. सेन्सर काढून मोजला: २७ अंशाला २.१ किलोओहम आणि बर्फात ६.६ किलोओहम. म्हणजे तो निर्दोष आहे. मऊ कुंचल्याने सगळे साफ केले, नळी परत बसवून तिला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधले आणि पडद्यामागच्या वायरी एका बाजूला घेऊन नळीला मोकळी वाट करून दिली. आता कागद जाळीला चिकटून राहतो.

काल दुपारी पुन्हा त्याच रस्त्याने गगनबावड्यापर्यंत गेलो. २४ वर ठेवल्यावर पहिली सात-आठ मिनिटे पंखा जोरात होता, नंतर तो हळूहळू उतरत गेला आणि बालिंग्यापासून पुढे हवा एकसारखी राहिली. आईने शाल काढून बाजूला ठेवली ती परत घेतली नाही.

टकटक मात्र अजून आहे. आणखी एक गोष्ट आता लक्षात येते. गळिताच्या हंगामात साखर कारखान्याजवळून जाताना आतली हवा फिरवण्याचे बटण दाबलेले असूनही मळीचा वास गाडीत येत असे. तेव्हा ते मी मनावर घेतले नव्हते.

उद्यमनगर वायरिंग

साहेब, फार समाधान वाटले. मळीच्या वासाने राहिलेल्या दोषाचा पत्ताही दिला आहे. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, ब्लोअरच्या वरच्या बाजूला, बाहेरची हवा घ्यायची की आतली फिरवायची हे ठरवणारी झडप असते. तिच्या मोटरीत नायलॉनचे छोटे दातेरी चाक असते. इतक्या वर्षांत ते ठिसूळ होऊन त्याचे दात तुटतात, मग मोटर फिरते पण चाक घसरते, आणि त्याचाच तो टकटक आवाज येतो. झडप अर्धवट उघडी राहिल्याने बाहेरची ३६ अंशांची हवा आणि ऊसपट्ट्यातील धूळ, काजळी, वास हे सगळे आत येते. ‘एलओ’वर आपल्याला ९ अंश मिळाले, ते ही झडप दुरुस्त झाल्यावर आणखी थोडे खाली यावेत.

ग्लोव्ह बॉक्स काढला की मोटर समोरच दिसेल आणि बहुधा तीन स्क्रूंवर असेल. ती काढल्यावर झडपेचा दांडा बोटांनी फिरवून पाहा. झडप हलकी फिरली तर फक्त मोटर बदला. ती अडकत असेल तर आधी अडथळा शोधा, कारण झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तेथे पाने आणि उंदराने आणलेल्या चिंध्या सापडतात, आणि तो कचरा तसाच ठेवून नवी मोटर बसवली तर तिचेही दात जातील. त्याच वेळी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, काढून पाहा.

नवी मोटर बसवून बॅटरी जोडल्यावर चावी फिरवा आणि दोन मिनिटे एसीच्या एकाही बटणाला हात लावू नका. अनेक गाड्यांत त्या वेळी संगणक प्रत्येक झडप या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून तिच्या मर्यादा शिकून घेतो. मध्येच बटण दाबले तर हे शिकणे अर्धवट राहते आणि झडप चुकीच्या जागी थांबते. काही गाड्यांत हे स्कॅनरनेच करावे लागते.

पंचगंगाकाठ

मोटर काढली. पांढऱ्या चाकाचे दोन दात तुटून मोटरीच्याच डबीत पडलेले होते. झडप हाताने सहज फिरते, पण केबिन फिल्टरवर गुलमोहराच्या पाकळ्या आणि काळ्या काजळीचा जाड थर होता. नवी मोटर १,८५० रुपयांना आणि फिल्टर ४०० रुपयांना मिळाला. आपण सांगितल्याप्रमाणे बॅटरी जोडून दोन मिनिटे थांबलो, आतून झडपा फिरल्याचा हलका आवाज आला आणि बंद झाला. आज ‘एलओ’वर ७ अंश मिळाले. पुढच्या आठवड्यात गॅस काढून वजन करून घेणार आहे. स्टिकरवर ४८० ग्रॅम लिहिले आहे, प्रत्यक्षात किती निघतो ते येथेच कळवतो.